चार फुटांवरचं शिकागो

हैदराबाद ते शिकागो अंतर किती, हा प्रश्न गेल्या वर्षीपर्यंत माझ्या आयुष्यात नव्हता. माझी अंतरं साधी होती. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरापासून काचीगुडा स्टेशन पायी पंधरा मिनिटं, सुलतान बाजार रिक्षावाल्याच्या मर्जीवर, आणि परभणी एक झोप. त्यापलीकडे जग असेलही, पण आमचं तिथे काही काम पडत नसे. मग लेकीला शिकागोच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि घरी येणारा प्रत्येक माणूस दारात चपला काढता काढताच विचारू लागला, "किती तास लागतात हो?"

अभिनंदन त्यानंतर. काय शिकणार, हे चहा येईपर्यंत. फी किती, हे चहा संपल्यावर, हळू आवाजात. पण पहिला प्रश्न तासांचा.

सुरुवातीला मी भोळेपणानं खरं सांगत असे. तिकिटावर २१ तास २५ मिनिटं छापलेली होती, म्हणून मी "बावीस तास" म्हणायचो. पाहुण्याचा चेहरा पडायचा. "बावीसच? आमच्या साडूच्या मुलाला एकतीस लागले." त्यावर शेजारी बसलेला दुसरा म्हणायचा, "आमच्या पुतण्याला बेचाळीस. मधे फ्रँकफर्टला रात्रभर बाकावर." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर असा भाव, की बाकावर पुतण्या नव्हे, हा स्वतः झोपला होता आणि तेही देशासाठी. दोन-तीनदा असा पाणउतारा झाल्यावर मीही शिकलो. चौथ्या पाहुण्यापासून आमचा प्रवास अठ्ठावीस तासांचा झाला, श्रावण लागेपर्यंत छत्तीसवर गेला. शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, असंच चालू ठेवलंत तर मी पोचायच्या आत पहिलं सेमिस्टर संपेल."

तसं आमच्या घराण्यात लांबच्या प्रवासाचं रक्त नाहीच असं नाही. आजोबा परभणीहून हैदराबादला शिकायला आले ते काचीगुडा-मनमाड मीटरगेजच्या गाडीतून, आणि त्या प्रवासाचं वर्णन त्यांनी पुढे पन्नास वर्षं पुरवलं. तेव्हा परभणी आणि हैदराबाद एकाच राज्यात होती. १९५६ साली राज्यांची फेरआखणी झाली, मराठवाडा तिकडे गेला, आणि आजोबा बरकतपुऱ्यात आरामखुर्चीत बसल्या बसल्या परप्रांतात पोचले. शून्य किलोमीटरमध्ये एवढा प्रवास केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी जन्मभर हिशेब तपासण्याच्या नोकरीत होतो. आकडा दिसला की त्याची खातरजमा केल्याशिवाय मला जेवण जात नाही. तेव्हा तासांचं राहू दे, निदान किलोमीटर तरी पक्के करू, म्हणून माळ्यावरून लेकीचा शाळेतला पृथ्वीगोल काढला आणि हिच्या गजऱ्याचा दोरा सोडवून घेतला. भिंतीवरच्या नकाशात शिकागो आपल्या पश्चिमेला, अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असं सगळं ओलांडून. पण गोलावर दोरा हैदराबादवर धरून शिकागोपर्यंत ताणला, तर तो पश्चिमेला जायलाच तयार नाही! सरळ वर निघाला. दिल्लीच्या अंगावरून काश्मीर, पुढे रशिया, उत्तर ध्रुवाच्या कुशीतून ग्रीनलंड, तिथून कॅनडा, आणि वरून खाली उतरून शिकागो. नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल असल्याचा हा परिणाम. अंतर भरलं १३,२८० किलोमीटर. गोलाच्या गोलाईत आणि गजऱ्याच्या दोऱ्यात जी काय चूक असेल ती धरून.

दोऱ्याला दुबई वगैरे काही लागत नव्हतं. असं न थांबता जाणारं विमानही एके काळी होतं. जानेवारी २०२१ मध्ये हैदराबाद-शिकागो अशी थेट सेवा सुरू झाली होती. पुढे ती बंद पडली. आता दुबईवरून जायचं तर आधी २,५५० किलोमीटर, मग तिथून ११,६४०. म्हणजे दोऱ्यापेक्षा नऊशे किलोमीटर जास्त. नऊशे किलोमीटर म्हणजे हैदराबादहून पुण्याला जाऊन, तिथे काही विसरलं म्हणून परत निघून, वाटेत सोलापूरच्याही पुढे पोचणं. एवढा वळसा लोक घालतात आणि वर "वन स्टॉप" म्हणून खूश होतात.

अंतर मोजणाऱ्यांचं या शहराशी जुनं नातं आहे, हे मला त्याच सुमारास वाचायला मिळालं. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रजानं १८०२ साली मद्रासेपासून साखळ्या टाकून अख्खा हिंदुस्थान मोजायला घेतला. पुढे त्याचा मुक्काम हैदराबादेत होता. इथून नागपूरला बिऱ्हाड हलवायला निघाला आणि १८२३ च्या जानेवारीत वाटेत हिंगणघाटला वारला. ज्यानं देशाची इंच न् इंच लांबी काढली त्याचाही हैदराबाद-नागपूर प्रवास पुरा झाला नाही. मी हे घरात सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "वार बघून निघाला नसेल."

आत्याची ओळख इथे करून द्यायला हवी. ती परभणीहून "पोरीला निरोप द्यायला दोन दिवस" म्हणून आली, त्याला तेव्हा सहा आठवडे झाले होते. वय ब्याऐंशी. भिंतीवरचं कालनिर्णय ती रोज वर्तमानपत्रासारखं वाचते. तिनं तिकीट हातात घेतलं, चष्मा वर-खाली केला आणि जाहीर केलं, "शुक्रवार. पश्चिमेचा दिशाशूल. तिकीट बदला."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सोमवार-शनिवार पूर्वेला जाऊ नये, मंगळवार-बुधवार उत्तरेला, गुरुवारी दक्षिणेला, रविवार-शुक्रवार पश्चिमेला. तिकीट बदलण्याचा दंड मी पाहिला आणि माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. गोल आणि दोरा घेऊन मी आत्यापुढे बसलो.

"आत्या, शिकागो पश्चिमेला नाही. उत्तरेला आहे. हे बघ."

तिनं दोऱ्यावरून बोट फिरवलं. काश्मीरपाशी थांबली, रशियापाशी हुंकार दिला. "खरंच की रे. मग शुक्रवार चालेल."

मी विजयी मुद्रेनं हिच्याकडे पाहिलं. ही ताक घुसळता घुसळता म्हणाली, "अहो, पण विमान आधी दुबईला जातंय ना? दुबई कुठे?"

आयुष्यात काही प्रश्न बायकोनंच विचारायचे असतात. दुबई कितीही फिरवली तरी पश्चिमेलाच राहिली.

या पेचातून शेवटी आत्यानंच सोडवलं. विमान शुक्रवारी पहाटे ४.२० चं. "मग हा शुक्रवार कसला?" आत्या म्हणाली. "वार सूर्योदयाला बदलतो. पहाटे चार म्हणजे अजून गुरुवारच. उगाच गजरा उसवलास."

पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि विमान कंपन्यांचा मध्यरात्री, हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझा मेहुणा, इंजिनिअर माणूस, त्याचं एकदा १५ तारखेचं रात्री १२.५० चं विमान होतं. तो १५ तारखेला दिवसभर सामान बांधून, रात्री सहकुटुंब जेवून, विडा तोंडात टाकून विमानतळावर गेला. विमान आदल्या रात्रीच जाऊन पोचलंही होतं. आत्याचं पंचांग जवळ असतं तर तो चुकला असताच, पण निदान शास्त्राला धरून चुकला असता.

तर पश्चिमेचा प्रश्न मिटला आणि दक्षिणेचा उभा राहिला. विमान पंचांगानुसार गुरुवारचं. शमशाबादचा विमानतळ आमच्या घरापासून दक्षिणेला. गुरुवारी दक्षिणेचा दिशाशूल. म्हणजे शिकागोला जायला हरकत नव्हती, विमानतळावर जायला होती.

इथे मला जरा शहराबद्दल बोलू द्या. पूर्वी विमानतळ बेगमपेठेत होता, गावातच. घरात दूध तापत ठेवून माणूस विमानतळावर सोडून यावा आणि दूध उतू जाऊ नये. मार्च २००८ मध्ये तो शमशाबादला गेला. त्याच वर्षी अमेरिकेची वकिलात बेगमपेठच्या पायगा पॅलेसमध्ये उघडली. म्हणजे विमान गेलं आणि व्हिसा आला. रस्ता पाठ होईपर्यंत २०२३ साली वकिलात नानकरामगुड्याला हलली. या गावात आपल्याला जिथे जायचं असतं ते ठिकाण आपण निघेस्तोवर दुसरीकडे गेलेलं असतं. शमशाबादला लवकर पोचता यावं म्हणून मेहदीपट्टणमपासून साडेअकरा किलोमीटरचा उड्डाणरस्ता बांधला आहे, त्याला पी. व्ही. नरसिंह रावांचं नाव आहे. त्यावर चढलं की गाडी उडत जाते. मेहदीपट्टणमपर्यंत काय करायचं, ते ज्याचं त्यानं बघायचं.

दिशाशुलावर उतारा असतो, त्याला प्रस्थान म्हणतात. निषिद्ध वाराच्या आधीच, चांगला वेळ बघून, आपलं काहीतरी सामान जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालोच असं धरलं जातं. साधारणपणे हळदकुंकू लावलेली सुपारी, मूठभर तांदूळ, एखादं नाणं, फडक्यात बांधून. पण आत्याचं म्हणणं पडलं की शिकागोच्या प्रवासाला सुपारी पुरणार नाही. "जिच्याशिवाय जाताच येणार नाही अशी वस्तू ठेवायची. म्हणजे प्रस्थान पक्कं."

अशी वस्तू कुठली, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. पासपोर्ट, तिकीट आणि विद्यापीठाची कागदपत्रं असलेली निळी फाइल बॅगेच्या वरच्या कप्प्यात घालून, बॅगेला हळदकुंकू लावून, बुधवारी संध्याकाळी आम्ही ती खालांच्या घरी ठेवली. खालांचं दार आमच्या दारासमोर. होकायंत्रानं बरोबर दक्षिण. मधे चार फुटांचा जिना-बोळ.

खाला आमच्या पस्तीस वर्षांच्या शेजारी. बॅग पाहून त्यांचे डोळे भरले. "अभी परसों तो पैदा हुई थी बच्ची, और आज अमरीका जारी." लेक तेवीस वर्षांची आहे. पण हैदराबादेत 'परसों' म्हणजे परवा नव्हे. कालपासून मागे थेट कुतुबशाहीपर्यंत कुठलाही काळ 'परसों' असतो. इथल्या उर्दूनं मराठीकडून बरंच घेतलं आहे. आपलं 'नको' घेऊन त्याला 'नक्को' केलं, आपला 'च' घेऊन 'यहींच', 'अभीच' केलं. वक्तशीरपणा तेवढा घेता आला नाही, कारण देणाऱ्याकडेही नव्हता.

गुरुवार उजाडला. विमान पहाटे ४.२० ला, म्हणून आत्यानं रात्री दहाला निघायचं ठरवलं. हैदराबाद-दुबई चार तासांचं विमान पकडायला सहा तास आधी निघणं मला जास्त वाटलं, पण दोन गाड्या आणि अकरा माणसं होती. जाणारी एक, सोडणारे दहा. सामानाचं वजन करायला मीच बॅग कवटाळून काट्यावर उभा राहायचं आणि नंतर मला वजा करायचं, असं दिवसभर चाललं होतं. दुसऱ्या बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि चार किलो उस्मानिया बिस्किटं भरून कपडे बाहेर राहिले होते. साडेनऊला मी म्हटलं, "चला, प्रस्थान घेऊन येतो."

खालांच्या दाराला कुलूप.

बेल वाजवली. परत वाजवली. खाली वॉचमनला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "शादीकि पोयारु, सार." लग्नाला गेले.

फोन लावला. मागे मरफ्याचा ढणढणाट. "हौ भाईसाब, याद है मेरेकू! बस निकलरैं. दूल्हा आगया, निकाह हुआ कि दस मिंट में आतुं."

मी निश्चिंत झालो. मेहुणा नाही झाला. "दाजी, हैदराबादी लग्न आहे. दूल्हा आगया म्हणजे दूल्हा आंघोळीला गेला."

विमान कंपन्यांची एक युक्ती मी वाचली होती. त्या प्रवासाचा वेळ जरा वाढवूनच छापतात. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा वेळ, वर थोडी उशी. मग विमान वेळेआधी टेकतं आणि श्रेय मिळतं. आमच्याकडची लग्नपत्रिका नेमकी उलट चालते. साडेआठ छापलेलं असतं. साडेआठला हॉलमध्ये फक्त इलेक्ट्रिशियन असतो. दहाला यजमान येतात, अकराला पाहुणे, आणि नवरदेव आला की आला. त्यात कुणाला राग नाही, कारण कुणीच वेळेवर आलेलं नसतं. वेळेवर जातो तो एकटा मराठी माणूस, आणि तो रिकाम्या खुर्च्या मोजत बसतो. हे मी अनुभवानं सांगतो.

साडेदहा वाजले. खाला आल्या नाहीत. मी आणि मेहुणा टोलीचौकीच्या फंक्शन हॉलकडे सुटलो. हॉल दिव्यांनी लखलखत होता. नवरदेव खरंच आला नव्हता. खाला बायकांच्या बाजूला, पडद्यापलीकडे. मी एका आठ वर्षांच्या शेरवानीला निरोप देऊन आत पाठवलं. तो पाच मिनिटांनी आइस्क्रीम खात बाहेर आला.

"खाला मिलीं?"

"कौनसी खाला?"

दुसऱ्यांदा पाठवला तेव्हा तो किल्ली घेऊन आला. ती स्कूटरची होती. तिसऱ्यांदा खुद्द खालाच बाहेर आल्या, कपाळाला हात लावून. घराची किल्ली त्यांच्याकडे नव्हती. ती सुनेच्या पर्समध्ये. सून नवरीबरोबर. नवरी पार्लरमध्ये.

"कौनसा पार्लर?"

"बंजारा हिल्स का. निकल गए बोलरैं. रस्ते में हैं."

मेहुणा माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाला, "रस्ते में हैं, दाजी. म्हणजे अजून केस वाळताहेत."

हाती काही नसताना उभं राहण्यापेक्षा बसलेलं बरं, म्हणून आम्ही बसलो. बसलो म्हणजे आम्ही पाहुणे झालो. नवरीचा कोण मामा की काका धावत आला. मी सांगतोय की लेकीचा पासपोर्ट कुलपात आहे, चार वाजता विमान आहे, आणि तो गृहस्थ प्रेमानं माझ्या हातात लुखमीची बशी देतोय. "खाए बगैर कैसा जाते? बच्ची अमरीका जारी, मुबारक हो! कित्ते घंटे लगते?"

तिथेही! आणि आतून धाप लागलेली असताना, घड्याळात सव्वाअकरा वाजलेले असताना, माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "छत्तीस."

टेबलावरच्या सगळ्यांनी आदरानं मान डोलावली. एकानं "हमारे भांजे को अड़तालीस लगे" म्हणेपर्यंतच.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना नवरी आली. नवरदेव तिच्या आधी आला होता की नंतर, हे मला आठवत नाही, मी फक्त पर्स बघत होतो. किल्ली हातात पडली आणि मी पळत सुटणार तोच खाला म्हणाल्या, "रुको, मैं भी आतुं. मेरी बच्ची जारी और मैं यहाँ बैठ के बिर्याणी खाऊँ?" सख्ख्या भाचीचा निकाह उभा ठेवून बाई आमच्या गाडीत बसल्या. बिर्याणी मात्र त्यांनी डब्यातून बरोबर घेतलीच.

घरी पोचलो तेव्हा बारा चाळीस. जिन्यात आत्या, ही, लेक, असे नऊजण, सगळे कुलपाकडे बघत बसले होते, ग्रहणात चंद्राकडे बघावं तसे. कुलूप उघडलं, प्रस्थान बाहेर आलं. तेवढ्यात माझ्यातल्या हिशेबनिसानं काम उरकून घेतलं. साडेनऊ ते बारा चाळीस, तीन तास दहा मिनिटं. अंतर चार फूट. ताशी सव्वा फूट. याच वेगानं शिकागो गाठायचं झालं तर सुमारे ३,९०० वर्षं लागतील, आणि आमच्या साडूच्या ओळखीत कुणाला तरी चार हजार लागलेली निघतील.

हिनं लेकीच्या तळहातावर दहीसाखर ठेवली. खालांनी तिच्या दंडावर इमाम जामिन बांधला, नाणं घातलेली हिरवी पट्टी. आत्यानं तो नीट निरखला आणि म्हणाली, "हेही प्रस्थानच की. आपलं सामानाला असतं, त्यांचं हाताला." मग लेक वाकून वाकून अकराजणांच्या पाया पडली, आणि त्यात पंधरा मिनिटं गेली, कारण आत्याचा आशीर्वाद नातवंडांपर्यंत जातो.

शमशाबादला पावणेदोनला पोचलो. इतक्या धावपळीत वेळेवर वागलेली एकच गोष्ट म्हणजे विमान. ते बिचारं बरोबर ४.२० ला निघालं. लेक काचेच्या दारातून आत गेली, एकदा वळली, हात केला. पुढे काही दिसलं नाही. आम्ही दहाजण तरीही तासभर तिथेच उभे होतो, जसं काही ती "मेतकूट राहिलं" म्हणून परत येणार होती.

उरलेला शुक्रवार घरात कुणी काही केलं नाही. मोबाइलवर विमान दिसतं, एक पिवळा ठिपका, त्याभोवती सगळं कुटुंब. ठिपका दुबईत टेकला तेव्हा आत्यानं देवाला साखर ठेवली. दुबईहून उठला तेव्हा पुन्हा ठेवली. मग पंधरा तास. ही जेवायला वाढायची आणि ठिपक्याकडे बघून विचारायची, "तिला दिलं असेल का काही?" रात्री पावणेदोनला ठिपका शिकागोवर थांबला. लेकीचा निरोप आला, "पोचले. इथे शुक्रवार दुपारचे सव्वातीन."

आत्यानं बोटं मोजली. "शुक्रवारी पहाटे निघाली आणि शुक्रवारी दुपारी पोचली? म्हणजे अकराच तास! मग तू छत्तीस कुठले सांगत होतास?"

मी घड्याळांचा फरक समजावला. ऑगस्टात ते आपल्या साडेदहा तास मागे असतात, हिवाळ्यात साडेअकरा. पश्चिमेला जाताना तास उसने मिळतात, परत येताना ते वळते करून घेतात. आणि वर वाऱ्याचा हिशेब वेगळा. आकाशात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्यामुळे शिकागोला जाताना दुबईपासून पंधरा तास लागले तर येताना तेराच्या आसपास.

तेवढं एक आत्याला पटलं. "म्हणजे यायला कमी वेळ लागतो ना? मग झालं तर." आणि ती झोपायला गेली.

हे सगळं झालं तरी माझ्या लेखी तो प्रवास अजून पुरा झालेला नाही. व्हिसा मिळावा म्हणून लेक चिलकूरच्या बालाजीला गेली होती. त्याला सगळं हैदराबाद व्हिसा बालाजी म्हणतं. मागणं मागताना अकरा प्रदक्षिणा, पुरं झालं की एकशे आठ. देव हुंडी ठेवत नाही, फक्त चालवून घेतो. अकरा तिनं घातल्या, व्हिसा मिळाला, आणि एकशे आठ घालायला वेळ राहिला नाही. आत्यानं निकाल दिला की मुलीचं कर्ज बापानं फेडायचं. तेव्हा १३,२८० किलोमीटर अधिक एकशे आठ प्रदक्षिणा, असा या अंतराचा खरा आकडा आहे. मी आतापर्यंत त्रेसष्ट घातल्या, आकडे छापलेल्या कार्डावर टिकल्या मारत. मग गुडघा बोलू लागला. पंचेचाळीस उरल्यात.

बरकतपुऱ्याहून चिलकूर तीसएक किलोमीटर आहे. तिकडे कुणी गाडीनं जाणार असाल तर कळवा, दोन माणसांची जागा लागेल. मात्र रविवारी आणि शुक्रवारी नको. ते पश्चिमेला येतं, आणि आत्या अजून इथेच आहे.